घेणाऱ्यांची यादी, देणाऱ्यांची नजर

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास बर्लिनहून एक यादी येते आणि दोन दिवस आपल्या वर्तमानपत्रांत भारताचा ‘नंबर’ गाजतो. नंबर घसरला की विरोधक यादी हातात घेतात, वर सरकला की सत्ताधारी. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार धारणा निर्देशांकाचं हे वार्षिक नाट्य वाचकांना पाठ आहे. त्यातला नंबर किती पोकळ असू शकतो, हे पाहायला संख्याशास्त्र लागत नाही. 2014 मध्ये भारताला शंभरपैकी 38 गुण होते आणि क्रमांक 175 देशांत 85वा होता. 2015 मध्ये गुण तेच, 38. पण यादीत 168 देश उरले, इतरांचे गुण हलले आणि आपण 76वे झालो. 2024 च्या यादीत पुन्हा 38 गुण, आणि क्रमांक 180 देशांत 96वा. तेवढ्याच गुणांवर वीस पायऱ्यांची ये-जा! क्रमांकापेक्षा गुण पाहा, असं खुद्द संस्थाही सांगते. पण मथळा क्रमांकाचाच होतो. हा दोष वाचण्यातला आहे. गुणांमध्येच दडलेला दोष यापेक्षा खोल आहे.

त्यासाठी 1995 मध्ये जावं लागतं. जागतिक बँकेच्या नैरोबीतल्या कचेरीचा अनुभव गाठीशी असलेल्या पीटर आयगेन यांनी 1993 मध्ये ही संस्था काढली. लाचखोरी हा ‘राजकीय’ विषय, त्यात बँकेनं पडू नये, असं मानण्याचा तो काळ. दोन वर्षांनी गॉटिंगेनमधले तरुण अर्थशास्त्रज्ञ योहान ग्राफ लाम्ब्सडॉर्फ यांनी पहिला निर्देशांक रचला. देश फक्त 41. दहापैकी 9.55 गुण मिळवून न्यूझीलंड पहिला, 1.94 वर इंडोनेशिया शेवटचा, भारत 2.78 गुणांसह 35वा. लाम्ब्सडॉर्फ यांनी स्वतः नवी पाहणी केली नव्हती. लोझानची आयएमडी ही व्यवस्थापन संस्था, हाँगकाँगची पर्क ही जोखीम-सल्लागार कंपनी अशांनी आधीच केलेल्या पाहण्या त्यांनी एका मापात बसवल्या. त्या पाहण्यांत कोणाला विचारलं होतं? व्यवस्थापकांना, उद्योजकांना, परदेशी गुंतवणूकदारांच्या सल्लागारांना. आज स्रोत तेरा आहेत, 2012 पासून शंभराची पट्टी आहे, गणित पुष्कळ सुधारलं आहे. लाम्ब्सडॉर्फ यांनी 2009 मध्येच या कामातून अंग काढून घेतलं. पण उत्तर देणारा माणूस बदलला नाही. तो तज्ज्ञ असतो किंवा व्यावसायिक. रेशनकार्डासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं मत या गुणांत कुठेच नाही.

त्या माणसाला हीच संस्था वेगळं विचारते. 2020 मध्ये तिने आशियातल्या 17 देशांत सुमारे वीस हजार लोकांना प्रश्न केला: गेल्या वर्षभरात पोलीस, न्यायालय, दवाखाना, शाळा, दाखले, वीज-पाणी यांसाठी चिरीमिरी द्यावी लागली का? सरकारी सेवेशी संबंध आलेल्यांपैकी भारतात 39 टक्के लोक ‘हो’ म्हणाले; 17 देशांतलं हे सर्वांत मोठं प्रमाण. बांगलादेशात 24 टक्के, नेपाळमध्ये 12. आता त्याच वर्षाचा धारणा निर्देशांक पाहा: भारत 40, नेपाळ 33, बांगलादेश 26. म्हणजे ज्या दोन शेजाऱ्यांकडे लोकांना कमी वेळा हात ओले करावे लागले, ते तज्ज्ञांच्या लेखी आपल्यापेक्षा जास्त भ्रष्ट. यावर निर्देशांकाचे समर्थक म्हणतात की दोन्ही मापं वेगळी आहेत. तज्ज्ञ मोठ्या कंत्राटांतला, धोरणांतला भ्रष्टाचार पाहतात, जो सामान्य माणसाच्या वाट्याला थेट येत नाही. मुद्दा रास्त आहे. (मग निर्देशांकाच्या बातमीसोबत टेबलाखालून नोटा घेणाऱ्या कारकुनाचं व्यंगचित्र छापणं तरी बंद व्हावं.) पण तज्ज्ञांना नेमकं चिरीमिरीबद्दलच विचारलं तर? मिरेय राझाफिन्द्राकोतो आणि फ्रांस्वा रूबो या संशोधकांनी आफ्रिकेतल्या आठ देशांत ते करून पाहिलं. तिथल्या प्रमुख शहरांतल्या रहिवाशांपैकी सुमारे 13 टक्के लोकांनी आपल्याला वर्षभरात प्रत्यक्ष झळ बसल्याचं सांगितलं होतं. लोक काय उत्तर देतील याचा तज्ज्ञांचा अंदाज मात्र निम्म्याच्या वर होता. कोणत्या देशात जास्त आणि कुठे कमी, हे ओळखणंही त्यांना जमलं नाही.

तरीही ‘लोकांना विचारा, तज्ज्ञांना नको’ इतकं हे सोपं नाही, आणि त्याचा सर्वांत देखणा पुरावा इंडोनेशियातला आहे. 1995 च्या यादीतल्या त्याच तळाच्या देशातला. बेंजामिन ओल्केन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं जावा बेटावरच्या सहाशेहून अधिक गावांत जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या रस्त्यांचा पिच्छा पुरवला. रस्ते साधे: वाळू, दगड, खडीचे थर. काम झाल्यावर अभियंत्यांनी ते जागोजाग खोदले, आत प्रत्यक्ष किती माल आहे ते मोजलं, आसपासच्या पुरवठादारांकडून भाव काढले, मजुरी किती दिली ते गावकऱ्यांकडून विचारलं आणि येणारा आकडा गावानं कागदोपत्री दाखवलेल्या खर्चाशेजारी ठेवला. थोडा माल वाहतुकीत आणि दबाईत कमी होतोच. तो किती, हे कळावं म्हणून चाचणीचे छोटे रस्तेही बांधून पाहिले. निष्कर्ष: सरासरी 24 टक्के खर्चाचा पत्ता नव्हता. आपल्याकडे ‘टक्केवारी’ म्हणून जी कुजबुज चालते, ती इथे खणून काढून मोजली गेली.

मग त्याच गावकऱ्यांची मतं या आकड्यांशी ताडली. लोक अगदीच आंधळे नव्हते. जिथे गळती जास्त तिथे संशयही जास्त होता, आणि ‘गावात एकंदर खाबुगिरी किती’ व ‘या रस्त्यात किती’ हा फरक त्यांना कळत होता. पण हा धागा फार बारीक निघाला: गळती दहा टक्क्यांनी वाढली तर संशय व्यक्त होण्याची शक्यता एक टक्काही वाढत नव्हती. कारण सुरेख आहे. खडीचा भाव चारचौघांना ठाऊक असतो, तो फुगवला तर बोंब होते. खडी किती ट्रक पडली हे रस्ता दाबल्यावर कोण सांगणार? म्हणून चोरी भावात कमी आणि मालात जास्त. दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी. जिथे वेगवेगळ्या वंशांचे लोक राहत, त्या गावांत संशय अधिक होता, गळती मात्र कमी. म्हणजे ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही ते पहारा कडक ठेवतात, पैसा वाचतो आणि मतचाचणीत तेच गाव बदनाम होतं. धारणा मोजणाऱ्या प्रत्येकानं ही दोन वाक्यं भिंतीवर लावावीत असं मला वाटतं. उलट, ‘तुमची लेखापरीक्षा नक्की होणार’ असं काही गावांना आधी कळवल्यावर गळती सुमारे आठ टक्के-अंकांनी, म्हणजे जवळपास तिसऱ्या हिश्शानं कमी झाली. कामावर नातेवाइकांची भरती तेवढी वाढली!

यावर एक जोरदार आक्षेप येईल: एकशेऐंशी देशांतले रस्ते कोण खोदणार? मत मोजायचं नाही तर गुन्हे मोजायचे का? गुन्ह्यांची मोजणी तर मतांपेक्षाही फसवी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्यांत महाराष्ट्र वर्षानुवर्षं आघाडीवर असतो. महाराष्ट्र सर्वांत भ्रष्ट राज्य आहे म्हणून, की इथला तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो आणि विभाग सापळे लावतो म्हणून? ज्या राज्यात सापळेच लागत नाहीत तिथला आकडा गोंडस दिसणार. तेव्हा धारणेचं माप टाकून द्या, असं मी म्हणत नाही. डेन्मार्क आणि सोमालिया यांच्यातलं अंतर ते बरोबर सांगतं. मधल्या शंभर देशांत दोन-तीन गुणांवर निकाल देण्याची ताकद मात्र त्यात नाही.

आणि सर्वांत मोठी उणीव गणिताची नाहीच. लाचेला दोन हात लागतात. हा निर्देशांक घेणारा हात मोजतो आणि तोही बहुतेकदा देणाऱ्याच्या वर्गातल्या माणसाला विचारून. बर्लिनमध्ये ही संस्था यादी काढू लागली तेव्हा परदेशी अधिकाऱ्याला चारलेली लाच जर्मन कंपन्यांना करपात्र उत्पन्नातून वजा करता येत होती. ती सोय 1999 मध्ये पुरती बंद झाली. जगभर लाच वाटल्याबद्दल सीमेन्सनं 2008 च्या डिसेंबरात अमेरिकी आणि जर्मन यंत्रणांना सुमारे 160 कोटी डॉलर भरले. त्या वर्षी जर्मनीचा क्रमांक 14वा होता. डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून गेलेल्या सुमारे 200 अब्ज युरोंपैकी मोठा भाग संशयास्पद असल्याचं 2018 मध्ये उघड झालं. त्या वर्षी डेन्मार्क पहिला होता. यात लबाडी नाही: निर्देशांक देशांतर्गत सरकारी कारभाराबद्दलच विचारतो. पण मग ‘स्वच्छ देश’ हे बिरुद त्यावरून वाटू नये.

ही उणीव संस्थेलाही दिसली होती. 1999 मध्ये तिने निर्यातदार देशांतल्या कंपन्या परदेशात किती लाच देतात याचा वेगळा निर्देशांक सुरू केला. 2006 च्या आवृत्तीत 30 देशांत भारत शेवटचा होता, म्हणजे ही यादी आपल्यालाही सोयीची नव्हती. ती एकूण पाच वेळा निघाली. घेणाऱ्यांची यादी आजही दरवर्षी येते; देणाऱ्यांची 2011 नंतर आलेली नाही.