अस्वलाची भीती, पाण्यावर भरवसा

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं अल्गॉन्क्विन पार्क १८९३ साली राखीव झालं. सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात दीड हजार किंवा त्याहूनही जास्त तलाव, आणि टोरोंटोहून गाडीने जेमतेम तीन तासांची वाट. पार्कच्या दक्षिण भागातून जाणाऱ्या हायवे ६० च्या आसपास लेक ऑफ टू रिव्हर्स, पॉग लेक, कॅनिसबे, रॉक लेक असे तलावाकाठचे कॅम्पग्राउंड आहेत. उन्हाळ्यात इथे तंबू ठोकणाऱ्यांत मराठी कुटुंबंही असतात. बुकिंग पाच महिने आधी उघडतं आणि जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारच्या चांगल्या जागा भराभर संपतात.

पहिल्यांदा निघालेल्याला घरून एक प्रश्न हमखास येतो: “तिथे अस्वलं असतात ना?” असतात. पण अस्वलाच्या धास्तीत अख्खी रात्र जागून काढणारी माणसं थंडगार पाणी, रात्रीचा गारठा आणि तंबूत ठेवलेली शेगडी यांच्याबाबत मात्र अगदी निर्धास्त असतात. खरी काळजी तिथेच घ्यायला हवी.

गैरसमज: अस्वल आलं तर झाडावर चढावं, नाहीतर मेल्याचं सोंग घ्यावं

दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अल्गॉन्क्विनमध्ये त्या दोन्ही मित्रांची युक्ती चुकली असती. इथलं काळं अस्वल माणसापेक्षा कितीतरी सफाईने झाडावर चढतं. ते समोर आलं तर पळायचं नाही आणि पाठही दाखवायची नाही. त्याच्यावर नजर ठेवून, मोठ्याने बोलत, हळूहळू मागे सरकायचं. अस्वलाने हल्ला केलाच, तर हाताला लागेल त्याने प्रतिकार करायचा. पिल्लांच्या रक्षणासाठी आई अंगावर आल्याची खात्री असेल, तेवढ्याच दुर्मीळ प्रसंगी निपचित पडून राहावं, असं प्रांताचं वन्यजीव खातं सांगतं.

हल्ले फार क्वचित होतात. काळ्या अस्वलाचं बहुतेक पोट कोवळा पाला, बेरी आणि कठीण कवचाच्या फळांवर भरतं. कॅम्पवर त्याला ओढून आणतो तो वास. फोडणीचं पातेलं, तेलाची बाटली, कचऱ्याची पिशवी, इतकंच काय, टूथपेस्टसुद्धा! म्हणून रात्री या सगळ्या वस्तू तंबूत न ठेवता गाडीच्या डिकीत बंद करायच्या. जिथे गाडी पोहोचत नाही अशा आतल्या तळांवर खाण्याची पिशवी दोरीने टांगतात, जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर लांब. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुन्हापुन्हा येत राहतं, आणि शेवटी अनेकदा त्यालाच मारावं लागतं. एका उघड्या पातेल्याची किंमत ते जनावर मोजतं.

गैरसमज: पाणी नितळ आहे, म्हणजे पिण्याजोगं आहे

तळ दिसेल इतक्या स्वच्छ पाण्यातही जिआर्डिया हा परजीवी असू शकतो. बीव्हरसारख्या प्राण्यांच्या आणि माणसांच्या विष्ठेतून तो पाण्यात येतो. त्याने होणाऱ्या जुलाबांना इथली माणसं ‘बीव्हर फीव्हर’च म्हणतात. कॅम्पग्राउंडमधल्या नळाचं पाणी वापरावं. तलावाचं प्यायचंच असेल, तर खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळावं.

‘निसर्गात विरघळणारा’ साबण तलावात चालतो, हीसुद्धा चुकीची समजूत. तो साबण विघटित होतो मातीतल्या जिवाणूंमुळे. थेट पाण्यात गेला, तर जलचरांना त्याचा त्रास होतोच. भांडी आणि अंग धुणं पाण्यापासून किमान ६० मीटर दूर व्हायला हवं.

गैरसमज: पोहता येतं, मग लाइफजॅकेट कशाला?

इथल्या तलावांवरचा बर्फ एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला वितळतो. नंतर कित्येक आठवडे, वर ऊन असलं तरी, पाणी गारठलेलंच असतं. अशा पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्याच मिनिटात श्वास अनावर होतो, आणि थोड्या वेळात हातापायांतलं बळ जातं. पट्टीचा पोहणाराही त्याला अपवाद नाही. नावेत प्रत्येक माणसागणिक त्याच्या मापाचं लाइफजॅकेट असलंच पाहिजे, असा कॅनडाचा कायदा आहे. पण ते नावेच्या तळाशी पडून असेल तर उपयोग शून्य. ते अंगावरच हवं. कॅनडाचे विख्यात निसर्गचित्रकार टॉम थॉमसन हा परिसर कोळून प्यायले होते. जुलै १९१७ मध्ये याच पार्कातल्या कनू लेकमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्याबद्दलचे तर्कवितर्क अजून थांबलेले नाहीत, पण अधिकृत नोंद अपघाताने बुडाल्याची आहे.

गैरसमज: जुलैत थंडी कसली?

दिवसा तीस अंशांना टेकलेला पारा रात्री दहा अंशांच्या खाली उतरू शकतो. अंगावर दोन ब्लँकेटं घेऊनही पाठ गार पडते, कारण अंगातली ऊब जमीन शोषून घेते. म्हणून पांघरुणाइतकीच महत्त्वाची असते ती अंगाखालची जाड मॅट. घामाने ओले झालेले सुती कपडे झोपण्याआधी बदलायलाच हवेत.

मात्र ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅस तंबूत घेणं जिवावर बेततं. विझत आलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

गैरसमज: सरपण घरून नेलं की पैसे वाचतात

एमराल्ड अ‍ॅश बोरर हा आशियातून आलेला हिरवा भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइट आणि विंडसर परिसरात पहिल्यांदा ओळखला गेला. त्याच्या अळ्या अ‍ॅश या झाडाच्या सालीखाली वाढतात आणि झाडाच्या अन्नरसाचा प्रवाह तोडतात. उत्तर अमेरिकेतली कोट्यवधी झाडं त्याने संपवली. भुंगेरा स्वतः फार लांब उडत नाही. पण गाडीत भरलेल्या लाकडांतून तो एका दिवसात शेकडो किलोमीटर जातो. म्हणून सरपण जिथे जाळायचं, तिथेच विकत घ्यायचं. कॅम्पग्राउंडमधल्या पडलेल्या फांद्याही उचलायच्या नसतात. त्या कुजून त्याच मातीला कस देतात.

गैरसमज: रात्री अकरापर्यंत गाणी लावायला हरकत नाही

ओंटारिओच्या पार्कांत रात्री अकरा ते सकाळी सात शांततेची वेळ असते हे खरं. पण इतरांना त्रास होईल असा गोंगाट कोणत्याही वेळी नियमबाह्यच आहे. तलावाकाठी आवाज जातोही फार लांब. निवांत संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा पाण्याकडे येतो, आणि पलीकडच्या काठावरचं साधं बोलणंही इकडे ऐकू येतं.

माणसांच्या बेफिकिरीचा भुर्दंड पक्ष्यांनाही पडतो. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून असलेला लून पक्षी अगदी पाण्याच्या कडेला घरटं करतो, कारण त्याचे पाय शरीराच्या पार मागे असतात आणि जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. नाव फार जवळ गेली, तर तो अंडी उघडी टाकून पाण्यात उतरतो. वेगवान बोटीची लाट घरट्यात पाणी भरते. रात्री ऐकू येणारी त्याची लांबट हाक नवख्यांना लांडग्याची वाटते. खरं तर बरेचदा तो जोडीदाराला साद घालत असतो.

गैरसमज: चावऱ्या माश्या घाण पाण्यामुळे होतात

अल्गॉन्क्विनची ब्लॅक फ्लाय वाढते ती स्वच्छ, वाहत्या पाण्यात. तिचा जोर मेच्या मध्यापासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत असतो. ती दिवसा चावते आणि गडद कपड्यांकडे जास्त येते. त्यामुळे फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोज्यांत खोचलेली पँट बरीच कामी येते. त्या सुमारास डासही सुरू होतात, आणि त्यांचा उपद्रव रात्रीही असतो. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी जून टाळून ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडावा. तोवर माश्या-डास बरेच ओसरलेले असतात, मधल्या वारी जागाही मिळते, आणि सप्टेंबरच्या अखेरीस मेपल लालबुंद होऊ लागतात. फक्त तेव्हा रात्रीचं तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरू शकतं, त्यामुळे स्लीपिंग बॅग त्या तापमानाची घ्यावी.