लायसन्स पक्कं, चालक कच्चा

मे 2024च्या अखेरीस एक बातमी घरोघर पोचली: 1 जूनपासून आरटीओची टेस्ट बंद, यापुढे ड्रायव्हिंग स्कूलवालेच लायसन्स देणार. बातमी चुकीची होती, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला तसा खुलासाही करावा लागला. मूळ नियम जून 2021 मधला आहे. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात कोर्स पूर्ण करून तिथली परीक्षा पास होणाऱ्याला आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळते. लायसन्स मात्र आरटीओच देतं. अशा केंद्राकडे हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर आणि जड वाहनांसाठी दोन एकर जागा हवी, सिम्युलेटर हवा, ट्रॅक हवा. मोटारीचा कोर्स 29 तासांचा, त्यातले 21 तास प्रत्यक्ष गाडीवर. गल्लीत पाटी लावून बसलेल्या साध्या स्कूलला ही सूट नाही. लोकांनी ढिलाई समजून ज्याच्यावर टीका केली, तो नियम निदान शिकण्याचे तास तरी ठरवून देतो. खासगी मोटारीसाठी थेट अर्ज करणाऱ्याकडे कुणी एका तासाचाही हिशेब मागत नाही.

खरी पोकळी आहे ती कच्च्या आणि पक्क्या लायसन्सच्या मधल्या काळात. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. महाराष्ट्रात जून 2021 पासून कच्च्याची परीक्षा आधार क्रमांकावर घरबसल्या देता येते. ‘कच्चं मिळालं म्हणजे एकट्यानं गाडी काढायला मोकळीक’ हा समज पिंपरी-चिंचवडमध्ये इतका रुळला आहे की तो गैरसमज आहे हेच अनेकांच्या गावी नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम सांगतो की शिकणाऱ्यासोबत ते वाहन चालवण्याचं पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, आणि तोही गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. दुचाकीला यातून माफी नाही: मागच्या सीटवर शिकवणाऱ्याखेरीज कुणी बसायचं नाही. आता मागे बसलेला माणूस ब्रेक कसा दाबणार, हे नियम लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. पण पाळता न येणारा नियम तसाच ठेवला की पाळता येणारेही हवेत जातात. तीस दिवस उलटले एवढंच सरकारला कळतं. त्या दिवसांत गाडीला हात तरी लागला का, हे कुठेही नोंदलेलं नसतं.

यावर हमखास उत्तर येतं: अपघात करतात ती बिनलायसन्सची पोरं, लायसन्सवाल्यांना कशाला छळता? अल्पवयीनांचा प्रश्न गंभीर आहेच, आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनं त्यात पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड ठेवला आहे. तरीही 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांपैकी सुमारे 71 टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली, आणि अपघातांतल्या बहुसंख्य चालकांकडे वैध लायसन्स होतं. लायसन्सवाले संख्येनं जास्त, म्हणून अपघातांतही जास्त, हा आक्षेप रास्त आहे. त्यातून लायसन्स निरुपयोगी ठरत नाही. पण आज ते ज्या कसोटीवर मिळतं, ती वेगाला आणि घाईला आवर घालत नाही, एवढं म्हणायला जागा उरते.

ही कसोटी कशी आहे ते पाहा. नाशिक फाट्याजवळ सीआयआरटी या रस्ते वाहतूक संस्थेच्या आवारातल्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेत चारचाकीची टेस्ट संगणकीय ट्रॅकवर होते. आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढणं. वशिल्याला आळा बसला, हा तिचा मोठा फायदा. मात्र ट्रॅक पास झाला म्हणजे चालक तयार झाला, हा समज नवा आणि जास्त फसवा आहे. त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम 15 मधली टेस्टची यादी वाचली तर त्यात ओव्हरटेक करणं आहे, लेन बदलणं आहे, आणि पादचारी, सायकलवाले, इतर चालक पुढे काय करतील याचा अंदाज घेणंही आहे. मोकळ्या ट्रॅकवर अंदाज घ्यायचा कुणाचा? चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, तळेगाव चौकात, शिफ्ट सुटते तेव्हा कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, वडापच्या रिक्षा आणि रस्ता ओलांडणारे कामगार एकाच वेळी समोर येतात. आठच्या आकड्याचा तिथे काडीचा उपयोग नाही.

चाकणमध्ये हा मुद्दा आणखी टोकदार होतो. टेम्पोवाल्यांत अजून समज आहे की पिवळ्या नंबरप्लेटला वेगळा शेरा लागतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो. अशा चालकांमुळे अपघात वाढल्याची आकडेवारी समोर आली नाही, हेही न्यायालयानं नोंदवलं. निकाल योग्य आहे. हजारोंच्या पोटाचा प्रश्न होता. मात्र त्यामुळे मोटारीच्या साध्या टेस्टवर सुट्या भागांनी भरलेल्या टेम्पोचाही भार आला आहे.

इतरत्र काय करतात? ब्रिटनमध्ये 2002 पासून लेखी परीक्षेसोबत व्हिडिओ दाखवून धोका वेळेत ओळखता येतो का ते तपासतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये 25 वर्षांखालच्या शिकाऊंना 120 तासांची नोंदवही भरावी लागते, त्यात रात्रीचे 20 तास. आपल्याकडे 120 तास मागणं हास्यास्पद ठरेल. बीड, नांदेड, बुलढाण्याहून आलेल्या मुलाच्या हातात टेम्पोची नोकरी असते आणि खिशात दोन महिन्यांचं भाडं नसतं. शिवाय नोंदवही आली की ती भरून देणारा एजंटही येणारच. म्हणून सुरुवात व्हिडिओपासून व्हावी: दर वेळी वेगळी चित्रफीत असेल तर उत्तर पाठ करता येत नाही आणि उमेदवाराच्या खिशालाही चाट बसत नाही. रस्त्यावरच्या टेस्टसाठी कायदा बदलायची गरज नाही, नियम 15 तिला पुरेसा आहे. अडचण निरीक्षकांच्या संख्येची आहे. सगळ्यांना एकदम जमणार नसेल, तर मालवाहू वाहन चालवण्यासाठीच लायसन्स काढणाऱ्यांना आधी पिंपरी-चिंचवडच्या मोशीतल्या आरटीओबाहेर, पुणे-नाशिक रस्त्यावर नेऊन पाहावं.