लांडगा खरंच येत होता का?

बपेरा हे गाव भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, अगदी मध्य प्रदेशाच्या वेशीजवळ आहे. आमच्या एका विद्यार्थ्याचे ते आजोळ. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या आग्रहावरून तेथे दोन दिवस राहिलो. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात खाटा टाकून गप्पा रंगल्या होत्या. आजोबांनी नातीला 'लांडगा आला रे आला' सांगितली. गोष्ट संपली, तशी पोर म्हणाली,

"पण आजा, तो खरंच येत होता का?"

"येत होता तं! माह्या लहानपनी आमची बकरी नेली होती त्यानं. आता बिबट दिसते, वाघाचं नाव आयकू येते. लांडगा काही दिसत नाही."

"कुठं गेला?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मी पडलो मराठीचा प्राध्यापक! भीमाला वृकोदर का म्हणतात, लांडगेतोड म्हणजे काय, हे मी सांगू शकलो असतो. पण लांडगा कुठे गेला?

घरी परतल्यावर मग मुद्दाम वाचन केले. मोगलीला वाढवणारे लांडगे याच वैनगंगेच्या वरच्या अंगाचे, सिवनीच्या डोंगरांतले. किपलिंगचे ते पुस्तक 1894 साली निघाले. गंमत (की विटंबना?) अशी, की त्याच काळात इंग्रज सरकार लांडगा मारणाऱ्याला रोख बक्षीस देत होते. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत सुमारे 2,00,000 लांडगे मारले गेले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

जगाचा हिशेब पाहिला तर लांडगा संकटात नाही. जपानातला शेवटचा 1905 साली मारला गेला हे खरे. पण अमेरिकेने यलोस्टोनमध्ये 1995-96 साली कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले, आणि ते रुजले. युरोपात तर ते आपल्या पायांनी परतले. आज तेथे 20,000 हून अधिक आहेत, आणि मेंढपाळांची ओरड इतकी, की 2025 साली त्यांचे कायदेशीर संरक्षण एक पायरी खाली आणले गेले.

आपला लांडगा मात्र वेगळा. अंगाने सडपातळ, आणि 2021 सालच्या जनुकीय अभ्यासानुसार जगातल्या हयात लांडग्यांत अत्यंत जुन्या वंशाचा. भारतात तो 3,100 च्या आसपास उरला आहे. म्हणजे जवळजवळ वाघाइतकाच दुर्मीळ. 1972 च्या कायद्याने त्याला वाघाच्याच पंगतीत बसवले. पण ताटात वाढायला कोणी आले नाही! कारण त्याचे घर जंगल नव्हे, माळरान. आणि माळरानाला आपल्या दप्तरात नाव आहे 'पडीक'. पडीक जमिनीवर कारखाना काढा, रस्ता न्या, झाडे लावा, कोण बोलणार? त्यात गावकुत्र्यांशी त्याचा संकर होऊ लागला आहे. पुण्याजवळ असा संकर 2023 साली सिद्धही झाला.

विशेष वाटले ते आपल्या धनगरांचे. ज्याची मेंढरे जातात, त्यानेच खरे तर दात धरायचा. पण कळपात लांडग्याचाही वाटा असतो, असे मानणारे म्हातारे धनगर अजून भेटतात. नुकसानभरपाईचे अर्ज भरून थकलेला त्यांचा मुलगा तसे मानील का, हा प्रश्न निराळा.

बपेऱ्याच्या पोरीला हे सगळे पत्राने कळवले. तिचे उत्तर दोन ओळींचे आले: मला दाखवा. पुढच्या सुट्टीत तिला सोलापूरजवळ नान्नजला नेण्याचे कबूल केले आहे. माळढोकासाठी राखलेल्या त्या रानात लांडगा अजून आहे. दिसेलच असे नाही, हे लिहून ठेवले आहे. पण मोगलीच्या मुलखातली पोर, ती कसली ऐकते!