अपरिचित बनावटीच्या मासेमारी नौकेची निवड : चेन्नई किनाऱ्याचा अनुभव

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 मध्ये सुरू झाल्यापासून नौका व इंजिन घेण्यासाठी अर्थसाहाय्य मागणाऱ्यांची संख्या वाढली आहे. या योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यास प्रकल्प खर्चाच्या 40 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांतील लाभार्थ्यास 60 टक्के साहाय्य मिळू शकते. याच काळात परराज्यांतील बांधणी केंद्रांची माहितीपत्रके कोकणातील बंदरांपर्यंत पोहोचू लागली आहेत. त्यामुळे विस्तार कार्यकर्त्यासमोर एक प्रश्न वारंवार येतो : या बनावटीची एकही नौका आपल्या बंदरात नाही, ती घ्यावी काय? उत्तर बहुधा किंमत आणि इंजिनाची अश्वशक्ती पाहून दिले जाते. तेवढे पुरेसे नाही. बाहेरून आलेली नौका कोठे टिकते आणि कोठे फसते हे पाहण्यासाठी चेन्नईचा किनारा फार उपयुक्त आहे, कारण तेथे हा प्रयोग अनेक पिढ्या चालू आहे.

चेन्नईचा किनारा सरळ, उघडा आणि वालुकामय आहे. आडोशाला खाडी नाही. लाटा थेट वाळूवर फुटतात. 1639 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला येथे जागा मिळाली, परंतु बांधलेले बंदर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हते. जहाजे दूर समुद्रात नांगरून राहत. जहाजांवरील युरोपीय बनावटीच्या होड्या भक्कम होत्या, पण ताठ होत्या. फुटणाऱ्या लाटेत त्या आपटून मोडत. म्हणून माणसे व माल उतरविण्यासाठी स्थानिक मसुला होडी भाड्याने घ्यावी लागे. मसुला होडीत खिळे नसत. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत आणि आतून ताठ फासळ्याही नसत. वाळूचा धक्का बसला की होडी थोडी वाकत असे, फुटत नसे. कागदावर दुबळी दिसणारी होडी त्या पाण्यात बळकट ठरली. भक्कमपणा हा नौकेचा स्वतंत्र गुण नसून तो पाण्याच्या संदर्भात ठरतो.

मासेमारीसाठी तेथील कोळ्यांचे साधन म्हणजे कट्टुमरम. तमिळ भाषेत या शब्दाचा अर्थ बांधलेले लाकूड असा होतो. (इंग्रजीत गेल्यावर याच शब्दाला जोडनौकेचा अर्थ चिकटला, मूळ साधनाशी त्याचा संबंध थोडाच.) हलक्या लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधून ते तयार होते. पाणी वरून येते व फटींतून निघून जाते, त्यामुळे ते पाणी भरून बुडण्याचा प्रश्नच येत नाही. मासेमारी आटोपल्यावर ओंडके सुटे करून वाळूवर वाळत ठेवता येतात. ही प्रथा केवळ सोयीची नाही. समुद्रातील लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे टेरेडो, ज्याला जहाजी किडा म्हणतात. नावात किडा असला तरी तो कीटक नसून शिंपल्याच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. तो लहान छिद्रातून लाकडात शिरतो आणि आतल्या आत बोगदे करतो. बाहेरून लाकूड धडधाकट दिसते. कायम पाण्यात उभ्या असलेल्या नौकेत त्याला हवा तसा निवारा मिळतो. रोज वाळणाऱ्या ओंडक्यात त्याचा जम बसत नाही. औषधाविना साधलेले असे कीडनियंत्रण शेतीतही क्वचितच आढळते. कट्टुमरमच्या जागी वेगळ्या बनावटीची, पाण्यातच नांगरून ठेवायची लाकडी होडी आणली, तर ही संरक्षणव्यवस्था आपोआप नाहीशी होते. विक्रेता हे सांगत नाही. बहुधा त्याला ते ठाऊकही नसते.

1979 मध्ये स्वीडनच्या अर्थसाहाय्याने आणि अन्न व कृषी संघटनेच्या अंमलबजावणीखाली बंगालचा उपसागर कार्यक्रम सुरू झाला. त्याचे मुख्यालय मद्रास येथेच होते. लाटा ओलांडून थेट वाळूवर उतरू शकेल अशी, डिझेल इंजिन बसविलेली नौका विकसित करणे हे त्यातील एक महत्त्वाचे काम होते. वाळूला लागताना पंखा मोडू नये म्हणून इंजिन व पंखा एकत्र वर उचलण्याची योजना त्यात केली गेली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम उत्तम होते. तथापि जड नौका रोज वाळूवर ओढून वर घेणे हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. ओंडके सुटे करून खांद्यावर नेता येतात, अखंड नौका नेता येत नाही.

पुढे किनारा व्यापला तो लहान, हलक्या फायबर नौकांनी. तमिळनाडूत त्यांना ‘मारुती’ असेही म्हणतात. त्यांना लांब दांड्याचे डिझेल इंजिन जोडले जाते. किनारा जवळ येताच खलाशी दांडा खाली दाबतो आणि पंखा पाण्याबाहेर येतो. वर उल्लेखिलेली अडचण इतक्या साध्या युक्तीने सुटली, आणि म्हणूनच ती रुजली. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत असंख्य कट्टुमरम नष्ट झाले. मदतीच्या ओघात फायबर नौकांची मागणी एकदम वाढली आणि नवी बांधणी केंद्रे झपाट्याने उभी राहिली. त्यांतील अनेकांचे काम निकृष्ट होते. नौका मोफत मिळत असल्याने घेणाऱ्याने प्रश्न विचारले नाहीत. अनुदानाच्या नौकेबाबत हा धोका आजही तसाच आहे.

आता कोकणाकडे वळू. चेन्नईस भरती-ओहोटीतील फरक जेमतेम एक मीटरच्या आसपास असतो; मुंबईच्या बाजूस उधाणाच्या वेळी तो चार मीटरच्या वर जातो. चेन्नईची लहान नौका वाळूवर ओढली जाते, तर कोकणातील नौका खाडीत नांगरते आणि ओहोटीला चिखलावर टेकते. टेकताना ती कलंडू नये, तळातील पठाणावर सारा भार एका ठिकाणी येऊ नये, भरतीच्या पहिल्या पाण्यात ती सरळ उचलली जावी, या अपेक्षा पूर्व किनाऱ्याच्या बनावटीत गृहीत धरलेल्या नसतात. म्हणून अशा नौकेबद्दल पहिला प्रश्न ‘किती वेगाने जाते’ हा नसावा. ‘रात्री कोठे व कशी उभी राहणार’ हा असावा. त्याचे उत्तर तांडेलाला विचारावे, माहितीपत्रकाला नव्हे.

फायबर नौकेची तपासणी कार्यकर्त्यालाही करता येते. नाण्याने किंवा लहान हातोडीने कडेवर हलके टकटक करीत जावे. ठणठणीत आवाजामध्ये कोठे बोदा आवाज आला तर थरांमध्ये हवा अडकली आहे असे समजावे. आतील बाजूस काचतंतू उघडे दिसतात का, कोपऱ्यांत राळ साचली आहे का, वरच्या लेपाला बारीक चिरा आहेत का, हे उन्हात पाहावे. जाडी किती व काचतंतूचे थर किती, हे लेखी घ्यावे. वजनही विचारावे, कारण एकाच मापाच्या दोन नौकांपैकी फार हलकी असेल ती बहुधा थर वाचवून केलेली असते. सर्वांत मोलाची चाचणी मात्र सहसा कोणी करीत नाही. उथळ, शांत पाण्यात नौका काठोकाठ भरावी. इंजिनाच्या वजनासह ती तरंगत राहिली पाहिजे आणि माणसांना धरून राहता आले पाहिजे. तरंगते कप्पे केवळ नावाला असतील तर ते येथेच उघड होते.

इंजिनाच्या बाबतीत निवाडा अधिक कठोर असावा. नौका अपरिचित असेल तर इंजिन परिचित असावे. दोन्ही नवे घेतल्यास बिघाड कशामुळे झाला हेच कळत नाही, आणि भर हंगामात एखादा सुटा भाग दूरच्या शहरातून येईपर्यंत झालेले नुकसान कोणतेही अनुदान भरून काढत नाही. फायबरची दुरुस्ती कोरड्या जागी, योग्य राळ व काचतंतू वापरून गावातही होऊ शकते. इंजिनासाठी मात्र जवळचा मिस्त्री आणि सुट्या भागांचे दुकान लागतेच. पुनर्विक्रीचाही विचार करावा. बंदरात एकुलती एक असलेली नौका विकताना गिऱ्हाईक मिळणे कठीण जाते. त्यामुळे अशी पहिली नौका एकट्याने कर्ज काढून घेण्याऐवजी सहकारी संस्थेने घेऊन एक पूर्ण हंगाम चालवावी, हे अधिक शहाणपणाचे. गाजरगवतावरील मेक्सिकन भुंगा 1983 मध्ये भारतात आणल्यावर तो आधी बंदिस्त जागेत पारखला गेला आणि मगच सोडला गेला. नौकेलाही तेवढी सवड देण्यास हरकत नाही.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी नौकेचे बांधणी प्रमाणपत्र व मापे राज्यातील नोंदणी आणि मासेमारी परवान्यासाठी ग्राह्य धरली जातील का, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडून निश्चित करून घ्यावे. पाहणीसाठी चेन्नईस जाणे शक्य असल्यास पूर्व किनाऱ्यावरील मासेमारी बंदीचा काळ, म्हणजे 15 एप्रिल ते 14 जून, निवडावा. त्या 61 दिवसांत कासिमेडू येथील यांत्रिक नौका दुरुस्तीसाठी बाहेर काढल्या जातात आणि एरवी पाण्याखाली दडलेला तळ डोळ्यांनी पाहता येतो. पाच-सहा वर्षे वापरलेल्या नौकेचा तळ पाहावा, नव्या नौकेचा नव्हे. कोकणातील चाचणी मात्र पावसाळी बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत घ्यावी. तेव्हा समुद्र पुरता निवळलेला नसतो.