धर्मसुधारणा आणि राजाश्रय

प्राचीन चीनमधील ताओपंथाचें नांव आमच्या वाचकांनीं ऐकलें असेल. परंतु त्या पंथांत पांचव्या शतकांत एक मोठी सुधारणा झाली व ती राजसत्तेच्या हातीं कशी सांपडली, ही हकीकत फारशी परिचयाची नाहीं. ती आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

देवपदास पोंचलेल्या लाओ-त्सेनें इ. स. १४२ मध्यें चांग ताओ-लिंग यास दर्शन दिलें, अशी पंथाची श्रद्धा आहे. प्रत्येक घराकडून पांच मापें तांदूळ घेण्याच्या प्रघातामुळें लोक त्यास ‘पांच माप तांदुळांचा पंथ’ म्हणूं लागले. जेथें पट्टी वसूल होते तेथें राज्य यावयास कितीसा वेळ? चांगचा नातू चांग लू यानें हान्चुंगच्या खोऱ्यांत खरोखरच राज्य चालविलें, व इ. स. २१५ मध्यें तो त्साव त्साव या सेनापतीस शरण गेला.

पुढें दोनशें वर्षांनीं, इ. स. ४१५ मध्यें, सुंग पर्वतावर तप करणाऱ्या कौ चिएन-चीनें जाहीर केलें कीं, लाओ-त्सेनें स्वतः प्रकट होऊन आपणांस ‘दिव्यगुरु’ केलें आणि चांग घराण्यानें शिरविलेले दोष काढून टाकण्याची आज्ञा दिली. तांदुळांची पट्टी नको, स्त्रीपुरुषसंगाचे विधि नकोत, नालायक मुलानें बापाचें पुरोहितपद बळकावूं नये. आणि लाओ-त्सेचा अवतार म्हणवून बंडें उभारणाऱ्यांचा तर त्यानें कडक निषेध केला. हें शेवटचें कलम कोणत्या राजास आवडणार नाहीं?

इ. स. ४२४ च्या सुमारास तो उत्तर वेई राज्याच्या पिंगचंग राजधानींत आला. तेथील सम्राट ताइ-वू हा तोबा या भटक्या अश्वारोही लोकांच्या वंशांतला. चिनी प्रजेवर राज्य करणाऱ्या अशा परक्यास स्वर्गाची संमति हवीच होती. त्सुई हाव हा विद्वान चिनी मंत्री कौचा पुरस्कर्ता झाला. राजधानीच्या आग्नेयेस वेदी उभारली गेली व १२० ताओपंथी साधूंचें अन्नवस्त्र राज्यानें पत्करलें. ज्यानें शेतकऱ्याची पट्टी उठविली त्याच्याच मठाची चूल आतां सरकारी कोठारावर पेटूं लागली! इ. स. ४४० मध्यें सम्राटानें ताओपंथी नांवाचा नवा शक सुरू केला. ४४२ मध्यें स्वतः वेदीवर जाऊन दीक्षापत्रें घेतलीं.

इ. स. ४४६ मध्यें एका बंडाच्या वेळीं चांगआन येथील बौद्ध विहारांत शस्त्रें सांपडलीं. त्सुई हावनें ती संधि साधली. भिक्षूंस ठार करावें, मूर्ति व ग्रंथ नष्ट करावे, असा हुकूम सुटला. युवराजानें तो जाहीर करण्यास विलंब लाविला म्हणून पुष्कळ भिक्षू निसटले. कौनें स्वतः त्सुई हावशीं वाद घातला; परंतु सरकारी अन्नावर बसलेल्या गुरूचा शब्द कोण मानतो?

कौ ४४८ मध्यें वारला. दोनच वर्षांनीं राजघराण्याच्या इतिहासलेखनावरून त्सुई हावचा कुटुंबासह शिरच्छेद झाला. ४५२ मध्यें एका खोजानें सम्राटाचा खून केला. नातू गादीवर येतांच बौद्ध धर्मावरील बंदी उठली, आणि ४६० च्या सुमारास राजधानीजवळ युंगकांगच्या डोंगरांत बुद्धाच्या प्रचंड मूर्ति कोरण्याचें काम सुरू झालें. लेणीं कोरण्याची ती कल्पना मुळांत हिंदुस्थानांतूनच तिकडे गेलेली. तरीहि वेई सम्राट गादीवर बसतांना ताओपंथी वेदीवर जाऊन दीक्षापत्रें घेतच राहिले.