धरणाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांस

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाट शहराजवळून वाहत पुढे गोंदिया व भंडारा जिल्ह्यांकडे उतरते. तिच्या वरच्या अंगाला, सिवनी जिल्ह्यातच, भीमगढ येथे मातीचे एक प्रचंड धरण आहे. त्याच्या जलाशयास संजय सरोवर म्हणतात. आपल्या कटंगी तहसिलीच्या सीमेवर बावनथडी नदीचे राजीव सागर आहे. ते मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी मिळून बांधले. धूटीचा बंधारा तर ब्रिटिश अमदानीतला. याशिवाय गावोगावचे मालगुजारी काळातील तलाव आहेतच. आपले धान या पाण्यावर पिकते आणि त्याबद्दल आपण परमेश्वराचे उपकार मानतो. ते योग्यच आहे. परंतु त्या पाण्याला जी मातीची पाळ अडवून धरते, तिच्याकडे आपण वर्षातून किती वेळा निरखून पाहतो?

हा प्रश्न आम्ही भीती घालण्यासाठी विचारीत नाही. पुण्याची कथा वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. तरुणांनी ती ऐकून ठेवावी. १९६१ साली अंबी नदीवरील पानशेत धरणाचे काम पुरे झालेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू देण्यात आले. पाणी सोडण्याचा जो मार्ग धरणाच्या पोटातून नेला होता, त्याच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळयाच घातलेल्या नव्हत्या. जुलैत मुसळधार पाऊस लागला आणि पाळ खचू लागली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर रेतीच्या गोण्या रचून ती तोलून धरली; म्हणूनच पाणी काळोखात न सुटता १२ जुलैला सकाळी सुटले. अनेकांचे प्राण त्या काही तासांनी वाचले. पुढे त्या लोंढ्यापुढे खाली असलेले खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही, आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा बुडाल्या. खडकवासल्याचे पाणीच पुणेकर पीत असत. तेव्हा ज्या शहराची घरे पाण्याने पडली, त्याच शहराला पुढे पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागली.

अशा प्रसंगी कोणीतरी हमखास म्हणतो, "देवाचा कोप झाला." प्रभू येशूसमोरही हा प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली; ती इतरांहून अधिक पापी होती काय? प्रभूचे उत्तर 'नाही' असेच होते. संत लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय घरी काढून वाचावा. मेलेल्यांच्या माथी पाप मारणे प्रभूला मान्य नव्हते. मग बांधणाऱ्याचा निष्काळजीपणा आणि पाहणाऱ्याचा आळस देवाच्या नावावर खपविणे त्याला कसे रुचेल? रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले व वीसांहून अधिक माणसे वाहून गेली. धरण गळते आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. पुढे खेकड्यांनी पाळ पोखरली असे कारण सांगण्यात आले! खेकडे पाळ पोखरतात, हे खरे आहे. पण खेकड्याचे बीळ बुजविण्याचे काम खेकड्याचे नव्हे.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. धार जिल्ह्यात कारम नदीवरील धरण बांधून पुरते झाले नव्हते, तोच ऑगस्ट २०२२ मध्ये ते झिरपू लागले. त्या वेळी खालच्या अंगाची १८ गावे रिकामी करविण्यात आली, यंत्रे लावून बाजूने चर खोदला गेला आणि साठलेले पाणी त्या वाटेने काढून देण्यात आले. बांधणीत दोष होते, हे निर्विवाद; तरी एकही मनुष्य दगावला नाही. पानशेत, तिवरे आणि कारम ही तिन्ही मातीचीच धरणे. मग फरक कशाने पडला? झिरपणे वेळेवर दिसले, ते लपविले गेले नाही, आणि लोकांनी घर सोडण्याचा हुकूम मानला.

धरण फुटले नाही तरी धोका असतोच, हे आपण वैनगंगाकाठच्या लोकांनी विसरू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस अतिवृष्टी झाली, वरच्या धरणांचे पाणी सोडावे लागले, आणि आपल्या जिल्ह्यातून खाली भंडाऱ्यापर्यंत नदीने गावे वेढली. सूचना वेळेवर पोहोचली की नाही, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. नदीला राज्याची सीमा ठाऊक नसते, पण निरोप आणि हुकूम मात्र सीमेवर अडतात!

३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षेचा केंद्रीय कायदा लागू आहे. त्यानुसार १५ मीटरहून उंच सर्व धरणांची, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही धरणांची, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी व्हावयास हवी. तसेच प्रत्येकासाठी आणीबाणीची योजना तयार असावयास हवी. धरण फुटल्यास पाणी कोठवर येईल आणि कोणाला कसे कळवावयाचे, हे त्या योजनेत लिहिलेले असते. आपले गाव तिच्यात आहे की नाही, हे सरपंचांनी पाटबंधारे खात्याकडे विचारावे. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. गावचा लहानसा तलाव मात्र या कायद्यात बसत नाही. त्याची राखण गावानेच केली पाहिजे.

ती राखण अवघड नाही. पाळीच्या खालच्या पायथ्याशी थोडे पाणी नेहमीच झिरपते. ते स्वच्छ असेल आणि वाढत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु तेच पाणी गढूळ होऊ लागले, तर आतली माती वाहून चालली आहे असे समजावे आणि ताबडतोब कळवावे. अशा वेळी उद्यापर्यंत थांबू नये. माथ्यावर लांबट भेग पडणे, उतार खचणे, पाळीवर मोठी झाडे वाढून त्यांची मुळे आत शिरणे, उंदीर-घुशींची बिळे, हीही वाईट लक्षणे. आणि सांडवा! जादा पाणी वाहून जाण्याची ती एकच वाट, आणि मासे धरण्यासाठी किंवा चार बांध्या अधिक भिजविण्यासाठी लोक तीच बुजवितात. मग पाणी पाळीवरून उलटते. मातीची पाळ ते फार वेळ सोसत नाही.

घरापुरते बोलावयाचे तर रोवणीच्या आधी एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर कुटुंबाने बसून ठरवावे: उंच जागा कोणती, रात्री कोणत्या वाटेने जावयाचे. जमिनीचे कागद व बाप्तिस्म्याचा दाखला एका जलरोधक पिशवीत ठेवावा; गुरे दाव्यातून सोडण्याचे काम कोणाचे, हेही बोलून ठेवावे. पाणी चढलेल्या रपट्यावरून बैलगाडी वा मोटारसायकल घालू नये. पुष्कळसे मृत्यू तेथेच होतात. गावात कोटवाराची मुनादी असते, आता हाती मोबाइलही आहे. पण वादळी रात्री दोन्ही मुके होऊ शकतात. जेथे चर्चची घंटा आहे तेथे धोक्याच्या वेळी ती कशी वाजवावयाची, हे पंचायतीशी बोलून आधीच ठरवावे आणि सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना सांगावे. म्हातारे, अपंग, बाळंतिणी यांची यादीही त्याच दिवशी करावी, आणि त्यात प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीला उचलून नेणाऱ्याचे नाव लिहावे.