वाचविलेला मासा, हरविलेला मासा

प्रतिनिधी, मुंबई

परळ-लालबागच्या गिरण्यांना 1915 मध्ये खोपोलीहून जलविद्युत मिळू लागली. या विजेमागे लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी होते. एरवी इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारे हे पाणी टाटांच्या अभियंत्यांनी धरणे बांधून अडविले आणि घाटाखाली, पश्चिमेकडे वळविले. पाण्याबरोबर त्यातील मासेही अडले. त्यांपैकी एका माशाची पुढे या तलावांच्या काठीच मोठ्या निगुतीने पैदास झाली. देशभरातील नद्यांत त्याची पिल्ले सोडण्यात आली. मासा वाचला. मात्र त्याला वाचविण्याच्या या खटाटोपात दूर कावेरीच्या खोऱ्यातील त्याचा एक भाऊबंद नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. ही कथा आहे महासीरची, आणि ती उजेडात आली ती गळाने मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींच्या नोंदवह्यांमुळे.

गळ टाकून मासा पकडणे हा आपल्याकडे पोटापाण्याचा उद्योग. युरोपच्या उत्तर भागात तो श्रीमंती छंद आहे. स्कॉटलंड, नॉर्वे, आइसलँड येथील नद्यांकाठी सामन आणि ट्राऊट माशांच्या हंगामात शौकिनांसाठी खास निवासस्थाने चालतात. तेथे पाहुणा दिवसभर कमरेएवढ्या थंड पाण्यात उभा राहून पिसांचा, किड्यासारखा दिसणारा गळ प्रवाहावर अलगद उतरवीत असतो. हा गळ इतका हलका, की तो दूर फेकला जात नाही. वजन असते ते दोरीला, आणि काठीच्या झोक्याने दोरीच गळाला घेऊन जाते. सामन हा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत चढतो. त्याच्या या परतीच्या वाटेवरच शौकीन त्याला गाठतो. मुंबईच्या हॉटेलांत 'इंडियन सामन' म्हणून ताटात येणारा रावस हा मात्र या कुळातला नव्हे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

भारतात आलेल्या इंग्रज साहेबांना सामनची उणीव भासली नाही, याचे कारण महासीर. वेगवान, खडकाळ प्रवाहात राहणारा, मोठ्या खवल्यांचा आणि विलक्षण ताकदीचा हा मासा गळाला लागला की तासन्तास दमवितो. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने 1873 मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, त्यात या माशाला मानाचे स्थान आहे. म्हैसूरच्या प्रसिद्ध व्हॅन इन्जेन घराण्यातील एकाने 1946 मध्ये काबिनी नदीत पकडलेल्या महासीरचे वजन 120 पौंड, म्हणजे सुमारे 54 किलो भरले होते.

महासीर हा एक मासा नव्हे. त्याच्या अनेक जाती आहेत. आपल्याकडील जातीचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. लेफ्टनंट कर्नल विल्यम सायक्स याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडलेल्या या माशाला त्याने इथल्या बोलीतलेच नाव दिले. निळसर परांमुळे इंग्रजीत त्याला 'ब्लू-फिन्ड महासीर' म्हणतात. आपल्या लोकांचा या माशाशी असलेला संबंध साहेबाच्या छंदाहून जुना आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत, वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे महासीर 'देवाचे मासे' म्हणून राखले गेले आहेत. तेथे भाविक त्यांना खाऊ घालतात, गळ कोणी टाकीत नाही.

देवाची राखण नसलेल्या ठिकाणी मात्र विसाव्या शतकात त्याची दैना झाली. धरणांनी अंडी घालण्यासाठी वर चढण्याची वाट तोडली. सुरुंग लावून, विष कालवून डोहच्या डोह रिकामे करण्याचे प्रकार वाढले. अशा वेळी, 1970 च्या सुमारास, लोणावळ्यातील वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने महासीर पैदास केंद्र उभारले. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी येथे कृत्रिम प्रजननाचे तंत्र बसविले. पावसाळ्यात तलावातून पक्व मासे धरायचे, मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यावर नराचे वीर्य सोडायचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्यात ठेवायची, अशी ही पद्धत. रोहू-कटल्याच्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत पिल्ले बाहेर पडतात. महासीरला अडीच ते तीन दिवस लागतात. ही दिरंगाईच या दोघांनी उपयोगात आणली. अंडी पाण्याऐवजी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून विमानाने धाडता येतात, हे त्यांनी दाखवून दिले आणि 1979 मध्ये ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झाले. पाण्याने भरलेल्या अवजड पिंपांची गरज उरली नाही. लोणावळ्याचे मत्स्यबीज त्यानंतर अनेक राज्यांत पोचले.

त्यातले काही कावेरीत गेले. बंगळूर येथील 'वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया' ही संस्था 1972 पासून नदीच्या एका पट्ट्याची राखण करीत होती. पुढे कर्नाटक सरकारच्या 'जंगल लॉजेस' या उपक्रमाने भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे येथे गळ टाकणाऱ्यांसाठी तळ उघडले. हिवाळ्यात पाणी उतरले, निवळले की देशोदेशीचे शौकीन येत. पिसांच्या गळापेक्षा येथे नाचणीच्या पिठाचा गोळा अधिक चाले, हे त्यातले खास देशी वैशिष्ट्य. पकडलेला मासा मोजायचा, वजन लिहायचे आणि जिवंत सोडून द्यायचा, असा दंडक होता. काठावरच्या गावांतील लोकांना वाटाड्याचे काम मिळाले. नदीवर सतत माणसांचा वावर असल्याने सुरुंगवाल्यांना आळा बसला. कावेरीत महासीर कमी होऊ नयेत, म्हणून लोणावळ्याची बोटुकली आणून सोडण्यात आली. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

गालिबोरेच्या तळावरील 1998 ते 2012 या काळातील नोंदी ब्रिटनमधील बोर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर आणि त्यांच्या भारतीय व ब्रिटिश सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा चित्र पालटले. निळ्या परांचे महासीर वर्षागणिक अधिक संख्येने आणि लहान आकाराचे लागत होते. म्हणजे ते नदीत रुजले होते, वाढत होते. याउलट कावेरीचा मूळ रहिवासी असलेला, पाठीवर उंचवटा असलेला कुबडा महासीर दुर्मीळ होत गेला होता आणि जे थोडे लागत, ते मोठमोठे. वरवर पाहता मोठा मासा मिळणे ही आनंदाची बाब. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की नवी पिढी येतच नव्हती. जुने म्हातारे तेवढे उरले होते. हा निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. धरणे, वाळूउपसा, प्रदूषण हीही कारणे आहेतच. पण त्याच बिघडलेल्या नदीत पाहुणा मासा फोफावला, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

अशी चूक झालीच कशी, याचे उत्तर नावांच्या गोंधळात आहे. ज्याच्या वजनाचे विक्रम जगभर सांगितले जात, त्या कुबड्या महासीरला खात्रीचे शास्त्रीय नावच नव्हते. अनेक वर्षे त्याला 'मसुल्ला' म्हटले गेले. हे नावही सायक्सनेच दिलेले, आणि तेही दख्खनच्या एका निराळ्याच माशाला. केरळमधील पांबार नदीतून 2007 मध्ये 'टॉर रेमादेवी' या नावाने वर्णिलेला मासा तोच हा कुबडा महासीर, हे 2018 मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरविले. सगळे महासीर एकच, अशी समजूत असताना एका खोऱ्यातील पिल्ले दुसऱ्यात सोडताना कोणाला वावगे वाटले नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. शौकिनांसाठी ब्रिटिशांनी 1900 च्या सुमारास काश्मीरच्या थंड ओढ्यांत स्कॉटलंडहून आणलेला तपकिरी ट्राऊट आज जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जिवांच्या यादीत आहे. निलगिरीत आणि मुन्नारच्या डोंगरांत रुजविलेला इंद्रधनुषी ट्राऊटही त्याच यादीत आहे.

लोणावळ्याच्या माशाविषयी मात्र 2020 मध्ये आनंदाची बातमी आली. पूर्वी 'संकटग्रस्त' असलेला टॉर खुद्री निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'कमी चिंतेच्या' वर्गात गेला. मुळा-मुठेत नाव मिळालेल्या माशासाठी, आणि अर्धशतक त्याच्या मागे लागलेल्या माणसांसाठी, हे यश थोडे नाही. परंतु या यशाचा हिशेब कृष्णेच्या खोऱ्यापुरता मांडला तरच तो सरळ दिसतो.

कावेरी अभयारण्यातील गळाची मासेमारी 2012 मध्ये बंद झाली. वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने गळ टाकणे ही शिकारच, मासा सोडून दिला तरी. तळ गेले, वाटाड्यांचे काम गेले आणि नोंदवह्याही थांबल्या. आता कुबड्या महासीरचा मुख्य आसरा आहे तो तमिळनाडूतील मोयार नदीचा. त्याची पैदास करायची झाल्यास तंत्र लोणावळ्यात तयार आहे. अडचण आहे ती अंडी काढण्यासाठी लागणाऱ्या पक्व नर-माद्यांची. असे मासे मोयारमधून उचलायचे, तर तिथल्या उरल्यासुरल्या कळपातूनच ते उचलावे लागतील.